अक्रोडाच्या मुठीवर हाताने कोरलेली जाळी

अमेरिकेच्या लष्कराने १९११ साली स्वीकारलेल्या, जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेच्या एम १९११ या पिस्तुलाच्या मुठीला दोन्ही अंगांनी अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या असत. त्यांवर तिरक्या खाचांची दाट जाळी असे. घामेजलेल्या हातातून पिस्तूल निसटू नये, गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने पकड सरकू नये, हे तिचे पहिले काम. देखणेपण त्यामागून आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या, पण लाकडावर हाताने जाळी कोरणारे कारागीर आजही आहेत.

कोऱ्या पट्टीवर सर्वप्रथम स्क्रूच्या दोन छिद्रांभोवती एकेक लांबट शंकरपाळे आखले जाते. हा भाग गुळगुळीतच ठेवतात, कारण छिद्राच्या अगदी काठापर्यंत खाचा नेल्या, तर तिथले लाकूड दुबळे होते.

त्यानंतर एकमेकींना छेदणाऱ्या दोन मुख्य रेघा येतात, आणि पुढचे सारे काम या दोन रेघांवर उभे राहते. जाळीतल्या प्रत्येक घराची लांबी रुंदीच्या तिप्पट हवी असेल, तर या रेघांमधला कोन सुमारे ३७ अंशांचा ठेवावा लागतो. साडेतीनपट हवी असेल, तर सुमारे ३२ अंशांचा. पट्टीचा पृष्ठभाग फुगीर असल्यामुळे आखणीसाठी वाकणारी पातळ मोजपट्टीच उपयोगी पडते.

आता कारागिराच्या हातातले हत्यार पाहा. त्याला दात्यांच्या दोन रांगा आहेत. एक रांग आधीच्या खाचेत चालते आणि दुसरी तिच्या शेजारी नवी खाच पाडते. इंचाला २० रेघा धरल्या, तर दोन खाचांमधले अंतर अवघे १.२७ मिलिमीटर असते. या पद्धतीची सोय आणि तिचा धोका एकाच ठिकाणी आहे: प्रत्येक खाच आधीच्या खाचेच्या आधाराने पडत असल्यामुळे एका रेघेत आलेला किंचित बाकसुद्धा पुढच्या सगळ्या रेघांमध्ये उतरतो. म्हणूनच अनुभवी कारागीर पहिल्या फेरीत लाकूड जेमतेम ओरखडतो, दोन्ही दिशांच्या रेघा पूर्ण करतो, वाकडी दिसलेली रेघ एका धारेच्या हत्याराने सरळ करून घेतो आणि मगच खोली वाढवू लागतो. बाजूने, खालच्या पातळीवरून येणारा प्रकाश इथे फार मोलाचा, कारण खाचेची सावली पडली की चूक लगेच डोळ्यांत भरते.

खोलीही दोन-तीन फेऱ्यांतच गाठावी. नव्वद अंशांच्या धारेने कोरल्यावर खाचांच्या मधे उरणारी लाकडाची टोके सुमारे ०.६ मिलिमीटर उंचीला पूर्ण होतात. साठ अंशांच्या धारेने ती जवळजवळ १.१ मिलिमीटरपर्यंत उंच आणि अधिक धारदार होतात, पण लवकर मोडतातही. मऊ लाकडात ती भुगा होऊन गळतात. अक्रोडाचे घट्ट लाकूड त्यांना धरून ठेवते. कडेपाशी मात्र लहान-लहान घाव घालत थांबावे लागते, कारण शंकरपाळ्यात किंवा कडेबाहेर गेलेला ओरखडा लपवणे कठीण असते.

शेवटी भुसा झटकून, पातळ केलेले जवसाचे तेल टूथब्रशने खाचांत जिरवतात. जाड थर दिला, तर खाचा भरून जातात आणि सगळी मेहनत बोथट होते.

झिजलेली जाळी याच हत्यारांनी पुन्हा खोल करता येते. मात्र पिस्तूल जुने आणि पट्ट्या मूळच्या असतील, तर त्यांना हात न लावणेच योग्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वापरासाठी नव्या पट्ट्या कोराव्यात आणि मूळच्या जपून ठेवाव्यात.