टप, गोंद आणि वैशाख

(छोट्या रेल्वेगाड्या घडवणाऱ्या हौशी मंडळींसमोर नांदेड इथं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

खरी मालगाडी आपण फलाटावरून बघतो. डोळ्यांसमोर येतात ते डब्याचे दरवाजे, बाजूवर रंगवलेले आकडे, खालची चाकं. टप दिसतच नाही. घरच्या टेबलावरची गाडी मात्र आपण उभं राहून, वरून बघतो. म्हणजे मॉडेलमध्ये पहिली नजर जाते ती टपावर, आणि करताना सगळ्यात कमी वेळ मिळतो तोही टपालाच. बॉडी झाली, बोग्या (खालच्या चाकांच्या चौकटी) बसल्या, की हाताला लागेल त्या गोंदानं टप दाबून बसवायचा आणि मोकळं व्हायचं, असं चालतं. ते चालू नये म्हणून मी आज बोलणार आहे. टप कसा करावा आणि तो कशानं चिकटवावा हे दोन प्रश्न आपल्याकडे वेगळे काढता येत नाहीत. परभणीचा पारा डिसेंबरात दहाच्या खाली उतरतो आणि मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस ही काही बातमी नसते. वर्षभरातला हा सगळा फरक त्या लांबलचक टपाच्या सांध्यांना सोसावा लागतो.

आधी मापं सांगून टाकतो. आपल्यातले बहुतेक जण एचओ, म्हणजे १:८७ या प्रमाणात काम करतात. धान्य, खत, सिमेंट नेणारा बीसीएनए हा बंद डबा कपलरपासून कपलरपर्यंत (डबे जोडणाऱ्या एका टोकाच्या आकड्यापासून दुसऱ्या टोकाच्या आकड्यापर्यंत) १४,४५० मिलिमीटर लांब आहे. टेबलावर तो १६६ मिलिमीटरचा होतो. उघडा बॉक्सएन १०,७१३ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे १२३. रुळांच्या बाबतीत मात्र तडजोड आहे. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर; १:८७ मध्ये ते १९.२६ व्हायला हवं, पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ चा असतो. ज्यांना जुना मराठवाडा करायचा आहे त्यांची गंमत वेगळी. लातूरला येणारी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटरची होती. १:८७ मध्ये ती ८.७६ होते आणि एन गेजचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेलांसाठीचा, ९ मिलिमीटरचा तयार रूळ तिला जवळपास तंतोतंत लागू पडतो. मनमाड–सिकंदराबाद मीटरगेजला १२ मिलिमीटरचा रूळ चालतो. तिन्ही रुंदींचे रूळ आपल्या भागानं पाहिलेले आहेत, तेव्हा विषयांची वाण नाही.

आता टप. करायला बसण्याआधी तो नीट बघा. स्टेशनचा पादचारी पूल ही त्यासाठी उत्तम जागा. जालन्यासारख्या ठिकाणी मालधक्क्यावर खताचा रेक, म्हणजे डब्यांची अख्खी माळ, लागलेला असेल आणि जवळपास उंच जागा असेल, तर परवानगी घेऊन तिथून फोटो काढा. मात्र टपावर चढण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि तारेला हात न लागताही, नुसतं जवळ गेलं तरी, माणूस जातो. पुलावरून दिसतं ते पुरेसं आहे. टपाचा वाक किती आहे, पन्हळी आडव्या कशा जातात, कडेला टप बाजूच्या पत्र्याला कुठे मिळतो, हे पाहा. एका रेकमध्ये दोन टप एकाच रंगाचे नसतात, हेही तिथूनच कळतं. एखादा नुकताच रंगवलेला, शेजारचा गंजून तपकिरी झालेला, तिसऱ्यावर पत्र्याचं ठिगळ. मॉडेलमध्ये सगळे टप एकाच डब्यातल्या रंगानं रंगवले की रेक खोटा वाटतो, तो याचमुळे.

खऱ्या टपाचा पत्रा फार तर दोनेक मिलिमीटरचा. त्याला ८७ नं भागलं तर वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी पातळ माप येतं. आपण तेवढं पातळ करू शकत नाही आणि करायची गरजही नाही. बघणाऱ्याला जाडी दिसते ती फक्त कडेला. अर्ध्या मिलिमीटरच्या पॉलिस्टायरिनचा, म्हणजे मॉडेलसाठीच्या प्लॅस्टिक पत्र्याचा, टप करा आणि त्याची कड आतल्या बाजूनं तिरपी घासा. वरून बघताना पत्रा पातळच वाटतो.

वाक देण्यासाठी काही जण पाव मिलिमीटरचे दोन थर एकमेकांवर चिकटवतात. ते टाळा. दोन रुंद थरांमध्ये सॉल्व्हंट, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवणारा द्रव, अडकून राहतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते, ते आतल्या आत प्लॅस्टिक मऊ करत राहतं आणि आठवडाभरानं टप उन्हातल्या पापडासारखा वळतो. त्यापेक्षा एकच जाड पट्टी योग्य गोलाईच्या नळीभोवती पक्की बांधा, कडकडीत गरम पाण्यात बुडवा आणि लगेच गार पाण्यात टाका. वाक कायमचा बसतो. नळी हव्या त्या वाकापेक्षा थोडी बारीक घ्या, कारण सोडल्यावर पट्टी थोडी उलगडते. मग आत दोन-दोन सेंटिमीटरवर त्याच वाकाचे आडवे आधार लावा आणि वरून पातळ पट्ट्यांच्या पन्हळी.

या जोडणीसाठी, म्हणजे पॉलिस्टायरिनला पॉलिस्टायरिन जोडताना, सॉल्व्हंटच वापरा. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. भाग आधी जागेवर धरायचे आणि बारीक कुंचल्याचं टोक फटीला नुसतं टेकवायचं; केशाकर्षणानं द्रव फटीतून आपोआप धावतो. फटीत कुंचला फिरवत बसलात की बोटाखाली गेलेलं सॉल्व्हंट बोटाचा ठसा टपावर कायमचा उमटवतं. मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. टोकाला पोचण्याआधीच द्रव उडून जातो, वरवर सांधा झाल्यासारखा दिसतो आणि नंतर सुटतो. सकाळी सातला बसा, खिडक्या उघड्या ठेवा; मिथाइल इथाइल किटोन किंवा टोल्युइनची वाफ बंद खोलीत घेण्यासारखी नाही आणि ती पेटही घेते, तेव्हा शेजारी उदबत्तीसुद्धा नको. सनबोर्ड वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो फुगवलेला पीव्हीसी असतो. पॉलिस्टायरिनचं सॉल्व्हंट त्यावर तसंच वागेल असं धरून चालू नका. तुकड्यावर आधी लावून पाहा.

आणखी एक. चहूबाजूंनी बंद डब्यात सॉल्व्हंटची वाफ कोंडते आणि बाजू आत ओढल्या जातात. टप लावण्यापूर्वी तळाला दोन-तीन भोकं पाडा. खालून ती कुणाला दिसत नाहीत.

आता परदेशी किटांकडे येतो, कारण आपल्या हाती लागणारी बरीचशी किटं अमेरिकन बंद डब्यांची असतात. त्यांच्या टपावर मधोमध एक लांब फळी असते. ब्रेकमन चालत्या गाडीत टपावरून एका डब्याहून दुसऱ्यावर जाऊन हातब्रेक आवळायचा, त्या काळाची ती खूण. एअर ब्रेक आल्यानंतरही फळी बरीच वर्षं राहिली. आधी ती लाकडी होती, मग जाळीदार लोखंडी झाली, आणि १९६६ पासून तिकडच्या नव्या बंद डब्यांवर ती लावणं थांबलं. तेव्हा १९७५ साली बांधलेल्या डब्यावर ही फळी बसवू नका, आणि आपल्या बीसीएनएवर तर नकोच.

पण ही फळी म्हणजे गोंदाचा सगळ्यात चांगला धडा आहे. चांगल्या किटांमध्ये ती कोरलेल्या पितळेची येते. पितळ एका अंशाला दर दहा लाखांत सुमारे १९ भाग वाढतं, पॉलिस्टायरिन सुमारे ७० भाग. दीडशे मिलिमीटरची फळी धरा आणि तापमानात पस्तीस अंशांचा फरक धरा. प्लॅस्टिकच्या लांबीत ०.३७ मिलिमीटरचा फरक पडतो, पितळेच्या लांबीत फक्त ०.१०. म्हणजे वैशाखात दोन्ही टोकं फेविक्विकनं घट्ट बसवलेली फळी पौषात पाव मिलिमीटरनं जास्त लांब ठरते. पाव मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण टोकं जागची हलत नसतील तर तेवढ्या वाढीनं फळी मध्यभागी तीन-चार मिलिमीटर वर उचलली जाते. कागदावर गणित मांडून बघा. खऱ्या मापात ती फूटभर उंच कमान झाली. प्रत्यक्षात एवढी कमान व्हायच्या आत टोकाचा सांधाच तुटतो, कारण सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद, कडक असतं; ताण सरळ ओढणारा असेल तर ते भरपूर झेलतं, पण सोलणारा किंवा झटक्याचा ताण आला की तडकतं.

उपाय साधा आहे. फळी फक्त मधल्या आधारावर सायनोॲक्रिलेटनं पक्की करा. बाकीच्या आधारांवर वाळल्यावरही रबरासारखा लवचीक राहणारा गोंद लावा. काचांसाठी मिळणारा पांढरा ॲक्रिलिक गोंद उत्तम, तो वाळून पारदर्शक होतो. फेविबॉन्डसारखा रबरी गोंद चालतो, पण टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच, कारण त्यातलं सॉल्व्हंट पातळ प्लॅस्टिक खातं. फळी दोन्ही बाजूंना मोकळी सरकते आणि ऋतू बदलला तरी सपाट राहते.

हेच गणित आतल्या वजनाला लागू आहे. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ डब्याचं वजन एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असावं. आपल्या बीसीएनएसाठी ते सुमारे १२० ग्रॅम होतं. लोखंडाची लांब पट्टी तळावर पूर्ण लांबीभर अराल्डाइटनं (रेझिन आणि हार्डनर कालवून लावायच्या गोंदानं) चिकटवली तर लोखंड कमी वाढतं, प्लॅस्टिक जास्त, आणि तळ धनुष्य होतो. लांब पट्टी घेऊच नका. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची पाच-दहा ग्रॅमची वजनं मिळतात, ती सुटी सुटी, मध्ये फट ठेवून बसवा. शिशाच्या गोळ्या वापरणार असाल तर त्या फेविकॉलमध्ये कधीही भिजवू नका. पांढऱ्या गोंदातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लामुळे बंद जागेत शिसं सडतं, फुगतं आणि काही वर्षांनी डब्याची बॉडी फोडून बाहेर येतं. शिशासाठी अराल्डाइट. रेझिन आणि हार्डनर ज्या प्रमाणात सांगितलंय त्याच प्रमाणात घ्या. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवलं तर सांधा चिकट आणि कमकुवत राहतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते तसंही लवकर आवळतं, थोडंथोडंच कालवा.

सायनोॲक्रिलेटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घरोघरी तेच असतं. ते हवेनं वाळत नाही, पृष्ठभागावरच्या ओलाव्यानं आवळतं. म्हणून पावसाळ्यात क्षणात धरतं आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत बराच वेळ नुसतं ओलं राहतं. अशा वेळी लोक आणखी एक थेंब ओततात; तिथं काम बिघडतं. जादा गोंदाची वाफ होते, ती शेजारच्या पृष्ठभागावर पांढरी भुकटी होऊन बसते आणि रंगवलेला टप चुना लागल्यासारखा दिसतो. थेंब वाढवू नका, सांध्यावर तोंडाची वाफ सोडा. तेवढा ओलावा पुरतो. गोंद लावायला शिवणाची जाड सुई घ्या, तिचं नेढं वरच्या बाजूनं कापा म्हणजे टोकाला दोन शिंगं उरतात, आणि दुसरं टोक लाकडी दांड्यात रोवा. त्या शिंगांच्या बेचक्यात एक बारीक थेंब अडकून राहतो आणि सांध्याला टेकवताच उतरतो. ट्यूबचं तोंड कधीही मॉडेलपर्यंत नेऊ नका. पॉलिथिनवर हा गोंद टिकत नाही, त्या जागी स्क्रू किंवा खाच करा.

लातूरकरांना मी एक आग्रह करतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाणी घेऊन आलेल्या जलदूत एक्स्प्रेसचा रेक कुणीतरी नीट करायला हवा. पहिल्या फेरीत दहा टँकर होते, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास टँकरांचा रेक झाला. टँकरला सपाट टप नसतो, म्हणून सगळं लक्ष वरच्या झाकणाकडे, शिडीकडे आणि झाकणाभोवतीच्या उभं राहायच्या जागेकडे जातं. इथं तारेचे कठडे नुसते टेकवून चिकटवू नका. ०.४ मिलिमीटरची तार, तेवढंच भोक, तार आत दोन मिलिमीटर जाऊ द्या आणि आतल्या बाजूनं थेंब लावा. गोंद दिसत नाही आणि कापडानं धूळ पुसताना कठडा हाती येत नाही. ज्या गाडीसाठी आपलं शहर फलाटावर उभं होतं, तिचं झाकण वाकडं असू नये, एवढं मला वाटतं.

मघाशी एका ताईंनी विचारलं की टप कायमचा चिकटवावा की काढता येईल असा ठेवावा. बंद डबा असेल तर माझं मत काढता येण्याजोगा. आतल्या आधारांपैकी दोन टोकांचे आधार डब्याच्या शेवटच्या भिंतींच्या आत घट्ट बसतील असे घासा. टप नुसता दाबून बसतो. काढायचा झाला तर तळाच्या त्याच भोकांतून काडीनं वर ढकला. प्रवासात निघेल अशी भीती असेल तर चार कोपऱ्यांवर पांढऱ्या ॲक्रिलिक गोंदाचे चार ठिपके द्या. ते पातीनं सुटतात आणि रंगाला धक्का लागत नाही. वजन कमी पडलं, आतला आधार निसटला, नवं कपलर बसवायचं झालं, तर डबा उघडता येतो. सॉल्व्हंटनं एकजीव केलेला टप मात्र करवतीनंच निघतो.