टायर बदलला, गाडी कलली

(लातूरच्या एका वसाहतीतल्या गणेशोत्सवात आयटीआयच्या एका निवृत्त निदेशकांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

पत्रिकेत विषय छापलाय ‘गाडी एका अंगाला का बसते : संपूर्ण निदान’. ‘संपूर्ण’ हा शब्द मंडळाचा, माझा नाही. मला एकच गोष्ट सांगायचीय. टायर बदलल्यावर गाडी कललेली दिसली, तर आधी खाली गेलेल्या बाजूकडं बघू नका. सगळे तिकडंच बघतात. गॅरेजवालाही तिकडंच बघतो, कारण बिल तिकडं असतं.

आमचे दाजी अंबाजोगाईला असतात. सकाळी गाडी धुतल्याशिवाय चहा घेत नाहीत. एका रात्री येताना त्यांची उजवी बाजू दुभाजकाला घासली, पुढचा-मागचा दोन्ही टायर चिरले. ते दुकानात गेले आणि म्हणाले, ‘‘चौदा नंबरचे दोन द्या.’’ दुकानदारानं दिले. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना त्यांच्या ध्यानात आलं. मला फोन, ‘‘आवो, गाडी डाव्या अंगाला बसायली!’’

मी म्हटलं, घेऊन या. पण वाटेत एक मोठं वर्कशॉप लागतं. नाव विचारू नका. तिथं एसीत बसवतात, कॉफी देतात, तेव्हाच माणसानं ओळखावं. तिथल्या पोरानं डाव्या मडगार्डवर हात दाबला, गाडी खाली जाऊन वर आली. तो म्हणाला, ‘‘स्प्रिंगा गेल्यात.’’ अरे, दाबल्यावर खाली जाऊन वर येते म्हणूनच ती स्प्रिंग! जात नसती तर तिला पहार म्हटलं असतं. मग कागद निघाला. डावीकडच्या दोन स्प्रिंगा. त्या जोडीनंच बदलतात, म्हणून चार. खोलतोयच तर चार शॉकअप. आणि एवढं केल्यावर अलाइनमेंट आलंच. दाजींनी मला तो कागद दाखवला तेव्हा अक्का म्हणाली, ‘‘एवढ्यात दुभती म्हैस आली असती.’’ आणि गंमत बघा, शॉकअप गाडीची उंची धरतच नाही. तो फक्त हेलकावे थांबवतो. वजन पेलते ती स्प्रिंग. वर्कशॉपात हे ठाऊक नसतं असं नाही. (हशा)

मी अक्काचा शिवणाचा टेप घेतला. हाच तो माझा लाडका मुद्दा : टेप दोनदा लावायचा. एकदा जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत, एकदा चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. वरचं माप दोन्हीकडं सारखं भरलं, म्हणजे स्प्रिंगा निर्दोष. खालचं माप उजवीकडं जास्त. डावी बाजू बसलीच नव्हती, उजवी वर गेली होती!

मग ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसली आणि नंबर वाचला. डावीकडं १७५/६५ आर १४. उजवीकडं नवेकोरे १६५/८० आर १४. चौदा नंबर तर दोन्ही! पण चौदा हे रिमचे इंच. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची. १७५ चे ६५ टक्के म्हणजे जवळपास ११४. १६५ चे ८० टक्के १३२. फरक १८ मिलिमीटर, आणि तेवढीच गाडी कललेली. उलटही होतं बरं का. १८५/६५ आर १५ आणि १६५/८० आर १४ हे आकडे पार वेगळे, पण रिम धरून व्यास काढलात तर दोन मिलिमीटरचाच फरक. म्हणून नुसत्या नंबराला घाबरू नका, गुणाकार करा. दाजींनी टायर बदलून घेतले. वर्कशॉपची कॉफी तेवढी फुकट पडली.

आता जमीन. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात एवढी भेगाळते की हात आत जातो. तिच्यावर टाकलेल्या पेव्हर ब्लॉकला सपाट म्हणणं म्हणजे लाडानं म्हणणं. गवंड्याची पाण्याची नळी लावून बघा, नाहीतर गाडीचं तोंड फिरवून त्याच जागी उभी करा. कललेली बाजू बदलली तर दोष अंगणाचा. डिकीतलं सोयाबीनचं पोतं उतरवा. चारही टायरांत कंपनीनं सांगितली तेवढी हवा भरा. नवा टायर आणि पार झिजलेला टायर यांतही साधारण सहा मिलिमीटरचा फरक असतो.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) आरतीला दहा मिनिटं? बरं. म्हणजे निदान उरलंच की.

वरचं माप कमी-जास्त असेल तर स्प्रिंगचं बघा. जॅकवरून उतरवल्याबरोबर मापू नका. चाकं आत ओढलेली असतात, गाडी उंच दिसते. चार पावलं मागं-पुढं ढकला, मग मापा. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेटोळा बघा. तिथं पाणी साचून गंज चढतो आणि तुकडा पडतो. गाडी चालत राहते, म्हणून कुणाला कळत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ज्यांनी डिकीतून ड्रम वाहिले त्यांनी मागच्या स्प्रिंगा आवर्जून बघा.

दोष पुढं की मागं हे कळत नसेल, तर गाडीचं पुढचं अंग बरोबर मधोमध जॅकवर उचला. मधोमधच, आणि खाली कुणी जाऊ नका. आता पुढच्या स्प्रिंगांचं काही चालत नाही. तरी गाडी कललेलीच राहिली तर दोष मागं, सरळ झाली तर पुढं.

राहिले बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातली रबरं. आर्म म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा दांडा. त्याचा बोल्ट चाकं लोंबकळत असताना आवळला, तर रबर पिळलेलं राहतं आणि तो कोपरा उंच धरतं. बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर घ्या, हलवून बसवा आणि मगच आवळा. खर्च शून्य, म्हणून बिलात हे कधी येत नाही.

हं, विचारा. पण ‘किती ॲव्हरेज देते’ सोडून.