शिवणीतली माया

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर कापड दाखवता येत नाही, म्हणून आधीच एक विनंती करते. अंगावरच्या पदराचं, ओढणीचं, नाहीतर शर्टाचं एखादं टोक चिमटीत धरा आणि त्यावरून अंगठा हळूच फिरवा. माझे वडील कुठल्याही कापडाशी ओळख अशीच करून घ्यायचे. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, त्यांची बावीस वर्षं गेली. कापड आधी चिमटीत, मग खिडकीपाशी नेऊन उजेडावर, आणि मग निकाल: "हे टिकेल," नाहीतर "हे दोन धुण्यांचं." आज कपाटातून जुनी साडी काढली की माझाही हात तसाच वळतो. कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणीचा घाट घातला, तेव्हापासून शंभरावर वर्षं ही मुंबई कापड विणत होती. लालबाग-परळच्या घराघरांत असे कापड ओळखणारे हात होते.

आमच्या मुलुंडच्या घरात जुनी कापडं वापरात आहेत. सणासमारंभाला नव्हे, रोज. मुलगी माझ्या सासूबाईंच्या वॉइलच्या साड्या नेसून ऑफिसला जाते. मुलगा कॉलेजला जाताना माझ्या वडिलांचे बुशशर्ट घालतो. माझ्या खांद्यावरची पिशवी, बाजाराची थैली, यांच्या डब्याच्या पिशव्या, चष्म्याची घरं, सगळं जुन्या कापडातून घरीच शिवलेलं आहे. मुलगी याला 'विंटेज' म्हणते. माझ्या आजीकडे यासाठी 'जुनेर' हा शब्द होता. दोन्ही शब्दांकडे मी नंतर येते. आधी त्या बुशशर्टाचं सांगते, कारण खरी गोष्ट त्याच्या आत आहे.

शर्ट टेरिकॉटचा, १९७८ सालचा, आमच्या चाळीखालच्या शिंप्यानं शिवलेला. वडील शिडशिडीत होते आणि मुलगा छातीनं भरलेला. शर्ट अंगात जाईना. मी तो उलटा केला, तर बाजूच्या शिवणींना आतून पाऊण-पाऊण इंच कापड राखलेलं होतं, पुढच्या भागाचं तेवढं आणि पाठीचं तेवढं. आपल्याकडे शिंपी या राखलेल्या कापडाला माया म्हणतात. ब्लाऊज टाकताना आपणही सांगतो, "थोडी माया ठेवा हं." पाव इंच शिवणीला ठेवून बाकीची माया मी सोडली आणि छातीत दोन इंच मिळाले. उसवल्यावर दिसलं, की त्या दोन इंचांवर ऊन कधी पडलंच नव्हतं. तिथला बदामी रंग बाकी शर्टापेक्षा गडद होता. मुलगा त्या गडद पट्ट्यांसकट शर्ट घालतो. माणूस पुढे अंगानं भरेल, एवढ्याच हिशेबानं शिंप्यानं ते कापड राखलं होतं. ते कामाला आलं नातवाच्या.

आज दुकानातला तयार शर्ट उलटा करून पाहा. ओव्हरलॉकच्या टिपेला लागूनच कापड कापलेलं असतं. टिपेपलीकडे कापडच नाही, मग सोडणार काय? कपडा फाटायच्या आधी घट्ट होतो आणि घट्ट झाला की टाकला जातो. म्हणून माझं सांगणं आहे, की आज नवं काही शिवायला टाकत असाल तर माया मागून घ्या. शिंपी कुरकुरला तरी मागा.

आता आईकडे वळते. आमची लालबागची खोली दहा बाय बाराची. पायमशीन खिडकीखाली होतं, कारण तिथेच काय तो उजेड. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेला ओ देऊन सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील होते. मी दहा वर्षांची होते. भोंगा थांबला आणि आमच्या घरात मशीनचा आवाज वाढला. आई फॉल लावायची, परकर शिवायची, किलोवर मिळणाऱ्या कटपिसांच्या पिशव्या करून शेजारणींना द्यायची. मी बॉबिन भरायला शिकले ती त्या वर्षी.

तेव्हा आईच्या दोन साड्यांना दंड घातलेले होते. तरुण श्रोत्यांसाठी सांगते. साडी मधेच विरली, की तो विरलेला पट्टा कापून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे जोडून पुन्हा एक साडी करायची, याला दंड घालणं म्हणतात. आई दंडाची शिवण नेमकी निऱ्यांत जाईल अशी साडी नेसायची. हळदीकुंकवाला जाताना तर दोनदा वळून माझ्याकडून खात्री करून घ्यायची. "दिसतंय का गं?" हा प्रश्न मला अजून ऐकू येतो. साडी आणखी जुनी झाली की तिचं जुनेर व्हायचं. जुनेराची दुपटी आणि झबली व्हायची, कारण तान्ह्या बाळाच्या कातडीला त्याच्याइतकं मऊ दुसरं काही नसतं. मग गोधडीचा थर आणि शेवटी पोतेरं. दारावर बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीला कपड्यांचं बोचकं. या व्यवसायातल्या बऱ्याच जणी गुजरातहून आलेल्या देवीपूजक समाजाच्या. जुने कपडे घेऊन त्या बदली स्टीलची वाटी, ताटली द्यायच्या आणि ते कपडे धुऊन-शिवून पुन्हा बाजारात विकायच्या. हे शहर जुनं कापड वाया जाऊ देत नव्हतं, त्यात या बायकांच्या पायपिटीचा वाटा फार मोठा आहे. आई तिला पँट-शर्ट द्यायची. सुती साडी कधी दिली नाही.

म्हणून 'विंटेज' आणि 'जुनेर' हे मला एकाच अर्थाचे शब्द वाटत नाहीत. आई दंडाची साडी नेसली, कारण दुसरी नव्हती. माझी मुलं तीच कापडं हौसेनं घालतात. हौस चांगलीच आहे, मला तिचा आनंदच आहे. पण हौसेनं घातलेल्या जुन्यात आणि गरजेनं घातलेल्या जुन्यात अंतर आहे, आणि ते आमच्या घरात मी मोकळेपणानं बोलते. कपडा कुणाचा, तो कोणत्या दिवसांत घातला गेला, हे कळल्याशिवाय मुलांच्या हातात द्यायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

आईचं एक वस्त्र मात्र कधी वापरात आलंच नाही. तिचा लग्नातला शालू. १९६८ साली अंगावर आला तो तेवढाच. मग मलमलीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या ठेवून ट्रंकेत. तीस वर्षांनी माझं लग्न ठरलं तेव्हा तिनं तो माझ्यासाठी बाहेर काढला. घडी उलगडली आणि शालू घडीच्या रेषेवर चिरत गेला. एक रेष, मग दुसरी, मग तिसरी. घाई नव्हती, ओढाताण नव्हती. रेशीम आणि जर वर्षानुवर्षं एकाच घडीत दबली, की धागा तिथेच मोडतो. आई काही बोलली नाही. त्या चिरांवरून तिनं नुसता हात फिरवला, वडील फिरवायचे तसा अंगठा.

नवी साडी आणली की 'घडी मोडायला' जवळच्या बाईला देण्याची आपल्याकडे रीत आहे. मला त्या दिवसापासून हा शब्दप्रयोग फार खरा वाटतो. रेशमी साडी दर तीन-चार महिन्यांनी उलगडून वेगळ्या घडीवर ठेवावी. डांबराची गोळी जरीला लागू देऊ नये, जर काळी पडते. आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात कपाटाला दमट वास येतोच, तेव्हा ऑक्टोबर लागला की सगळं सावलीत वाऱ्यावर टाकावं. पण यापेक्षाही बरं म्हणजे नेसावी. मोडावी घडी. त्या शालूचे काठ शाबूत होते. त्याचे मी अकरा बटवे केले, आमच्या घरातल्या आणि माहेरच्या बायकांसाठी. माझ्या बटव्यात घराच्या किल्ल्या असतात.

आता पिशव्या. यात बोलण्यासारखं पुष्कळ आहे.

माझी पहिली पिशवी आईच्या सुती इरकलीची होती. मोठ्या हौसेनं शिवली, जाड पॉलिस्टरचा दोरा लावला, बारीक टीप मारली. दादरच्या पुलावर, बटाटे-कांदे आणि एक नारळ असताना तिचा पट्टा कापडासकट निघून आला. दोरा जसाच्या तसा होता. फाटलं ते कापड. घरी आल्यावर मी ती चीर नीट पाहिली. बारीक टिपेनं जुन्या कापडाला जवळजवळ भोकं पडली होती, कागदी तिकिटाला असतात तशी, आणि दोरा कापडापेक्षा बळकट असल्यानं त्यानं ते कापून काढलं. जुन्या कापडाला दोरा त्याच्या ताकदीचा हवा, म्हणजे सुती, आणि टीप जरा मोठी.

तेव्हापासून मी जुन्या साडीवर वजन टाकत नाही. बाहेरून साडी, आतून मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड. भार मांजरपाटानं घ्यायचा, साडी नुसती अंगाला. मांजरपाट बेतायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवायचा, कारण तो पहिल्या पाण्यात आटतो आणि मग वरची साडी फुगते. पट्टे तोंडाशी जोडून सोडायचे नाहीत. दोन्ही बाजूंनी खाली आणून पिशवीच्या बुडाखालून फिरवायचे, म्हणजे भाजीचं ओझं पट्टा उचलतो आणि कापड फक्त भाजी धरून ठेवतं. तोंडापाशी पट्ट्यावर चौकोनी टीप आणि चौकोनात फुली. बुडाचे कोपरे दाबून आडवी टीप मारली की पिशवी उभी राहते. जीन्सचा तुकडा लावत असाल तर सुई अठरा नंबरची घ्या. सोळा नंबरची माझी तिथे दोनदा मोडली आहे. लोकलमध्ये न्यायची पिशवी असेल तर पट्टा एवढाच लांब ठेवा, की गर्दीत ती पुढे पोटावर घेता येईल, आणि चेनचा कप्पा अंगाच्या बाजूला.

साडीचा कुठला भाग घ्यायचा? उजेडावर धरा. जिथे चांदण्यासारखे ठिपके दिसतात, तो भाग विरला. पदर खांद्याच्या पिनांनी खाल्लेला असतो. पण फॉल काढला, की त्याच्या आड झाकलेला साडीचा मूळ रंग दिसतो, विकत घेतली त्या दिवशीचा. सासूबाईंच्या एका साडीचा फॉल मी त्यांच्यासमोर काढला. विटकरी वाटणारी साडी डाळिंबी निघाली. त्या म्हणाल्या, "हीच मी घेतली होती."

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या बायका जुनी कापडं घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. तेव्हा दुकानांतून कापडासारख्या दिसणाऱ्या हलक्या, रंगीत पिशव्या मिळायच्या, अजूनही मिळतात. त्यातल्या पुष्कळशा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, म्हणजे प्लास्टिकच. ओळखायचं सोपं आहे. एक धागा, नाहीतर बारीकसा तुकडा काढून चिमट्यानं ज्योतीवर धरा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. आणि जो आक्रसून, वितळून टणक मणी होतो, ते आपलं कापड नव्हे.

त्याच सुमारास शेजारच्या इमारतीतले एक काका आले. पत्नी गेल्याला वर्ष होत होतं. तिची एक साडी त्यांनी माझ्या हातात दिली. मला वाटलं, उशी किंवा गोधडी करायची असेल. ते म्हणाले, "बाजाराची पिशवी कर. भाजी आता मलाच आणावी लागते." रोज सकाळी ते ती घेऊन जाताना मला दिसतात. तीनदा तिचे पट्टे बदलून दिले आहेत.

आणखी एक सांगते आणि थांबते. गेल्या महिन्यात मुलगी सासूबाईंची निळी वॉइल नेसून गेली होती. परतीच्या गर्दीत पदर अडकला आणि हातभर फाटला. घरी येऊन तिनं साडी माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं रडेल. तिनं विचारलं, "आई, याला दंड घालता येईल ना?" मी म्हटलं, येईल की, निऱ्यांत लपेल असा घालते. तर म्हणाली, "लपवायचा नाही. पदरावरच असू दे, दिसू दे."

मी तुकड्यांचं बोचकं सोडलं. निळ्याला जाईल असं, त्याच वजनाचं सुती कापड एकच निघालं. माझ्या आईच्या वॉइलचा पिवळा तुकडा. दोन्ही आज्यांची कापडं तिनं पलंगावर शेजारी शेजारी मांडून पाहिली. पट्टी कापून झाली आहे. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया ठेवली आहे. मशीनला सुती दोरा ओवलेला आहे, घरी गेले की आज टीप मारायला बसणार आहे.

नमस्कार.