वारा चढतो त्या वाटेनं

मंडळी, आपल्याला चालायला शिकवलं ते काळ्या रानानं. मृगाचा पाऊस झाला की पायाला ढेकळाएवढा चिखल धरतो, पाय उपसून काढावा लागतो. वाळवंटात सगळं उलटं. तिथं पाय अडकत नाही, पण टाकला तिथं राहतही नाही.

जैसलमेरच्या पुढं खुरी नावाचं गाव आहे. तिथल्या टेकड्यांना स्थानिक लोक धोरे म्हणतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी जरा तोऱ्यातच होतो. शाळेत असल्यापासून देवगिरी कितीदा तरी चढलेला गडी, समोर वाळूचा ढिगारा तो केवढा! म्हटलं, सरळ चढू, वळसा घेत कोण बसतंय. वीस-पंचवीस पावलं टाकली आणि खाली बघतो तर उंटाच्या पाठीएवढाही वर आलो नव्हतो. धाप मात्र किल्ल्याच्या माथ्यावर लागते तेवढी. उंटवाला खाली बसून बिडी ओढत होता. बोलला काही नाही, नुसता हातानं टेकडीची दुसरी बाजू दाखवली.

माझं चुकलं कुठं? खळ्यावरची ज्वारीची रास डोळ्यांपुढं आणा. वरून पाटी ओतली की दाणे घरंगळतात. रास उंच होते, बूड पसरतं, पण उतार बदलत नाही. कोरड्या वाळूचा तो उतार साधारण ३२ ते ३४ अंशांचा. वाऱ्याकडच्या बाजूनं वाळूचे कण उड्या मारत वर चढतात आणि माथ्यापलीकडं, आडोशाला, पाटी ओतल्यासारखे पडतात. म्हणजे मी चढत होतो ती कड्याची बाजू नव्हे, रास होती! पाय दिला की ढासळणारच. वाऱ्याकडची बाजू मात्र लांबट, कमी चढाची, कणांच्या माऱ्यानं दबून बऱ्यापैकी टणक झालेली असते. तिथून वर जायचं आणि मग माथ्याच्या धारेवरून चालायचं.

तरी दमणूक चुकत नाही. १९९८ साली बेल्जियमच्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा तेवढ्याच वेगानं वाळूत चालायला टणक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते असं दिसलं. खुरीचे धोरे तसे लहानच. नामिबियात सोसुसव्हलेजवळ ‘बिग डॅडी’ नावाची टेकडी सुमारे ३२५ मीटर उंच आहे. आपल्या देवगिरीचा डोंगर जवळपास २०० मीटरचा. बिग डॅडीवरही लोक भल्या पहाटे निघतात, कारण वाळू तापली की तव्यासारखी होते. चपला नको, बूट घालून जा, एवढं सांगतो.

उतरताना मात्र त्याच ढासळत्या बाजूनं या. टाच रोवायची, अंग किंचित मागं टाकायचं आणि सोडून द्यायचं. घोट्यापर्यंत पाय बुडतो, वाळू आपल्याला घेऊनच खाली येते. चढायला पाऊण तास, उतरायला दोन मिनिटं.

घरी आल्यावर अंगणात बूट झटकले, तर मूठभर वाळू निघाली. शेजारी ओट्याचं काम चालू होतं. गोदावरीच्या वाळूचा ब्रासचा भाव आपल्याला ठाऊकच आहे, त्यामुळं आई म्हणाली, “इतक्या लांब गेलास अन् एवढीशीच आणलीस व्हय?” गवंडीमामानं चिमूटभर उचलली, बोटांत चोळली आणि टाकून दिली. म्हणाले, “लई बारीक अन् गुळगुळीत हाय. वाऱ्यानं घासून कोर मोडलीय. शिमिटात धरायची न्हाई.”