हलत्या यादीची पानं

एक साधा हिशेब मांडू या. भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'छाननी' या टप्प्यावर १,००० अर्ज पडून आहेत. तुमची स्क्रिप्ट एपीआयकडून (एका प्रोग्रामला दुसऱ्याकडून माहिती मागायची सोय) ते शंभर-शंभरच्या पानांनी मागते आणि पान हाती आलं की त्यातले अर्ज पुढच्या टप्प्यावर सरकवते.

पहिल्या फेरीत ऑफसेट, म्हणजे सुरुवातीचे किती सोडायचे तो आकडा, ०. शंभर अर्ज पुढे गेले, छाननीत ९०० उरले. दुसऱ्या फेरीत ऑफसेट १००. सर्व्हर उरलेल्या ९०० मधले पहिले शंभर सोडतो आणि त्यानंतरचे शंभर देतो. सोडलेल्या शंभरांकडे कोणी पाहिलेलंच नाही! अशा पाच फेऱ्या झाल्या की यादीत ५०० उरतात आणि ऑफसेटही ५०० झालेला असतो. सर्व्हर रिकामं पान देतो, स्क्रिप्ट 'संपलं' समजून थांबते. एरर नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही, आणि निम्मे उमेदवार आहेत तिथेच.

यात फिल्टर बरोबर आहे, पेजिनेशन, म्हणजे यादीची पानं पाडणं, तेही कागदोपत्री बरोबर आहे. पण ज्या अटीवर फिल्टर लावला, तीच अट स्क्रिप्ट बदलत चालली आहे. 'मग दर वेळी ऑफसेट ० ठेवू' असं कुणीतरी सुचवतंच. ते चालतंही, पण पुढे सरकायला नकार देणारे शंभर अर्ज एकदा पहिल्या पानावर साचले, की तेच पान पुन्हा पुन्हा येत राहतं.

खरा इलाज कर्सर. ऑफसेट सांगतो 'इतके सोडून दे', कर्सर सांगतो 'याच्या पुढचे दे'. यादीतून मागचे कितीही गळाले तरी 'याच्या पुढचे' बदलत नाहीत, फक्त क्रम न बदलणाऱ्या आयडीवर हवा. शिवाय ऑफसेट ५०,००० असेल तर डेटाबेसला सहसा तेवढ्या ओळी वाचून टाकून द्याव्या लागतात. कर्सरला योग्य इंडेक्स (डेटाबेसने क्रमाने लावून ठेवलेली सूची) मिळाला तर तो थेट जागेवर पोचतो. इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनमध्ये तर नेहमीच्या पद्धतीने १०,००० निकालांपलीकडे जाताच येत नाही, डीफॉल्ट मर्यादाच तशी आहे.

आता सिंक, म्हणजे बदललेल्या नोंदी दुसऱ्या सिस्टिममध्ये आणत राहणं. इथे क्रम 'शेवटचा बदल' या टाइमस्टॅम्पवर लावतात, आणि घोळ बरोबरीत होतो. कुणी ३,००० उमेदवार एका झटक्यात इम्पोर्ट केले की सगळ्यांचा टाइमस्टॅम्प एकच. कर्सरमध्ये फक्त वेळ असेल, तर 'यापेक्षा मोठी' म्हटल्यावर उरलेले गळतात आणि 'मोठी किंवा तेवढीच' म्हटलं तर तेच पान फिरत राहतं. म्हणून वेळेच्या जोडीला आयडी घ्यायचा, आणि क्रम चढता ठेवायचा. उतरत्या क्रमात, तुम्ही अजून न वाचलेली नोंद मधेच बदलली तर ती उडी मारून तुमच्या मागे जाते आणि निसटते. चढत्या क्रमात फार तर ती दुसऱ्यांदा भेटते. दोनदा भेटणं परवडतं.

कर्सरच्या आत काय आहे ते उलगडायला जाऊ नका, उद्या ते बदलेल. लीव्हर या भरतीच्या सॉफ्टवेअरच्या एपीआयमध्ये तर पॅरामीटरला ऑफसेटच म्हणतात, पण त्यात आकडा घालायचा नसतो, आधीच्या उत्तरात मिळालेलं टोकन जसंच्या तसं परत द्यायचं असतं.

फिल्टरबद्दल एकच गोष्ट, पण भरतीच्या क्षेत्रात हमखास नडणारी. उमेदवार एक, अर्ज अनेक. 'अमुक पदासाठी नाकारलेले उमेदवार' मागितले, आणि एपीआयने 'या पदाला अर्ज आहे' व 'कुठला तरी अर्ज नाकारला आहे' असे दोन सुटे प्रश्न विचारले, तर दुसऱ्याच पदासाठी नाकारलेला, इथे मात्र मुलाखतीपर्यंत पोचलेला माणूसही यादीत येतो. त्याला नकाराची मेल जायला मग एक क्लिक पुरते! दोन्ही अटी एकाच अर्जावर लागल्या पाहिजेत. आणि साध्या जॉइनवर (उमेदवार आणि अर्ज ही दोन टेबलं जोडून) लिमिट लावलं, तर एका उमेदवाराचे तीन अर्ज पानावरच्या तीन जागा खातात. अशा वेळी एक्झिस्ट्स वापरा, ते फक्त 'असा अर्ज आहे का' एवढंच तपासतं.

जाता जाता, ईमेलवरून शोधायची सोय देत असाल तर ईमेल यूआरएलमध्ये नको. यूआरएल सर्व्हरच्या आणि प्रॉक्सीच्या लॉगमध्ये जाऊन बसते.

समोरून प्रश्न आलाय, की रिक्रूटरला थेट सातव्या पानावर जायचं असेल तर? स्क्रीनसाठी ऑफसेट ठेवा की, खुशाल. माणूस पहिली चार-पाच पानं चाळतो आणि नंतर फिल्टरच आवळतो, तिथे एखादं नाव दोनदा दिसलं तर बिघडत नाही. पण एकूण किती हा आकडा प्रत्येक पानासोबत मोजू नका. तो मागितला तरच द्या, आणि फार मोठा असेल तर '१०,०००हून अधिक' एवढंच सांगा.