लोफोटेनचा कॉड: भाव कोण ठरवतं?

मार्च महिना. उत्तर ध्रुववृत्ताच्या वर, नॉर्वेची लोफोटेन बेटं. होड्या परतताहेत. त्यांच्या पोटात आहे 'स्क्राय', म्हणजे अंडी घालायला बॅरेंट्स समुद्रातून शेकडो किलोमीटर पोहून आलेला कॉड. पाळलेला नव्हे, भर समुद्रातला.

मासा धक्क्यावर उतरला की सुऱ्या चालू होतात. यकृत तेलासाठी वेगळं, गाभोळी वेगळी. मुंडकंही टाकायचं नाही. ते वाळून नायजेरियाला जातं. जिभा कापणारी ही मुलं पाहा. शाळा सुटली की ती इथे येतात, आणि या कामाचे पैसे त्यांचेच.

मग दोन-दोन मासे शेपटीशी बांधून लाकडी मांडवावर टाकायचे. मीठ नाही, धूर नाही. वसई-अर्नाळ्याला वाळत घातलेले बोंबील ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. फक्त इथे सुकवण्याचं काम गार वारा करतो. हवा शून्य अंशाच्या आसपास हवी. फार गोठली तर मांस बिघडतं, ऊब आली तर माश्या बसतात. मे-जूनमध्ये मासा खाली उतरतो, तेव्हा पाच किलोचा जेमतेम एक किलो उरलेला असतो.

आता पारखी. एकेक मासा उजेडात फिरवतो, हुंगतो आणि प्रत लावतो. उत्तम प्रत इटलीला. १४३२ साली व्हेनिसचा पिएत्रो क्वेरिनी जहाज फुटून इथल्याच रोस्त बेटाला लागला होता. परतताना त्याने हा सुका मासा नेला. इटलीतल्या व्हिचेन्झा शहरात तो आजही शिजतो.

पण पहिला भाव ठरतो तो धक्क्यावर. एके काळी इथले धक्के, दुकानं, मच्छीमारांच्या या लाल खोल्यासुद्धा गावच्या एकाच मालकाच्या असत. मासा त्यालाच द्यायचा, तो म्हणेल त्या भावाने, आणि उधारीही त्याच्याकडेच. १९३८च्या कायद्याने हे उलटवलं. पहिल्या विक्रीचा हक्क मच्छीमारांच्या स्वतःच्या संघाकडे आला. 'नॉर्गेस रोफिस्कलाग' हा त्यांचा संघ किमान भाव ठरवू शकतो, आणि त्याखाली मासा घ्यायला बंदी. पकडणाऱ्याच्या हाती भाव देणारा हा कायदा आम्हाला इथल्या डोंगरांइतकाच भक्कम वाटतो.

या कॉडचा कोटा, म्हणजे वर्षभरात पकडायची मर्यादा, २०२१ मध्ये ८,८५,६०० टन होता, २०२५ साठी तो ३,४०,००० टनांवर आला. भाव चढलेत, मासा कमी आहे.

शेवटची होडी. मासा तराजूवर चढतो. पावतीवर दोन सह्या होतात: एक घेणाऱ्याची, एक पकडणाऱ्याची.