विंडोज 11 केलं आणि टीमिंग गेलं? स्विच बदलू नका, आधी टिक पाहा

राम राम राजेहो.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तेव्हापासून जिनिंगवाले, पतसंस्थावाले, गोंदियाकडचे राईस मिलवाले, सगळे एकच प्रश्न विचारून राहिले. "भाऊ, अपग्रेड केलं. दोन्ही केबल लावल्या आहेत, पोर्टचा दिवा हिरवा लागते, पण नेट नाही, सर्व्हर दिसत नाही, काट्यावरचं वजन ऑफिसात येत नाही." आणि त्याच्याच खाली दुसरे कोणीतरी लिहितात, "स्विच गेला असेल, नवीन घ्या."

अरे बाप्पा, दिवा लागते ना? मग स्विचला, म्हणजे सगळ्या केबल जोडणाऱ्या डब्याला, काहून धरता? आजचा व्हिडिओ त्याच्यावरच आहे.

टीमिंग म्हणजे काय, हे भरभर सांगतो. एका कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं, दोन्हींची मिळून एक टीम, टीमला एक आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता. एक केबल उंदरानं खाल्ली तरी दुसरीवर काम चालते. झालं. ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडे टीमिंग नसतेच, आणि त्याची अडचण आजची नाही.

आता तुमच्याकडे टीम कोणत्या जातीची होती ते ओळखा. विंडोज आणि आर दाबा, एनसीपीए डॉट सीपीएल टाका. आज्ञांचं स्पेलिंग सगळं स्क्रीनवर दिलं आहे, ऐकून टाइप करू नका. कार्डाच्या नावाखाली "मल्टिप्लेक्सर ड्रायव्हर" लिहिलं असेल तर ती विंडोज सर्व्हरची स्वतःची टीम, जिला एलबीएफओ म्हणतात. सर्व्हर 2012 पासून ती आहे. इंटेलच्या नावासोबत "टीम" लिहिलं असेल तर ती इंटेलच्या प्रोसेट सॉफ्टवेअरमधून केलेली. तिसरी जात हायपर-व्हीच्या (एका मशीनमध्ये अनेक मशीन चालवायची विंडोजची सोय) व्हर्च्युअल स्विचमधली, एसईटी नावाची, ती सर्व्हर 2016 पासूनची.

इंटेलवाल्यांना सरळ सांगून टाकतो. विंडोज 11 वर इंटेलचं टीमिंग चालत नाही. बिघडलेलं नाही, ड्रायव्हर जुना नाही, सेटिंग चुकलेलं नाही. इंटेलनंच ते बंद केलं आहे. साध्या विंडोजमध्ये 10 ही त्याची शेवटची आवृत्ती आणि सर्व्हरमध्ये 2016 ही शेवटची. सर्व्हर 2019 पासून पुढे तिथंही नाही. म्हणून पंधरा ठिकाणचे पंधरा ड्रायव्हर उतरवून रात्री काळ्या करू नका. आणि सर्व्हरमधली एलबीएफओची आज्ञा विंडोज 11 च्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टाकून "चालत नाही" म्हणूनही लिहू नका. ती साध्या विंडोजसाठी नाहीच.

एक छोटी गोष्ट विंडोज 10 वर अजून असलेल्यांसाठी. विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीपासून डिव्हाइस मॅनेजरमधला इंटेलचा टीमिंगचा टॅबच निघून गेला. टॅब नाही म्हणजे टीम गेली असं नव्हे. इंटेलचं अडॅप्टर कॉन्फिगरेशन युटिलिटी नावाचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, टीम तिथं दिसते.

आता मुद्द्याचं. नीट बसा.

टीम केली तेव्हा विंडोजनं दोन्ही कार्डांवरून टीसीपी आयपी, म्हणजे नेटवर्कवर बोलायचा प्रोटोकॉल, काढून घेतलं आणि वरच्या टीमला दिलं. खालच्या कार्डांवर एकच टिक ठेवली: सर्व्हरच्या टीममध्ये "मल्टिप्लेक्सर प्रोटोकॉल"ची, इंटेलच्या टीममध्ये "ॲडव्हान्स्ड नेटवर्क सर्व्हिसेस"ची. अपग्रेडमध्ये वरची टीम मेली, पण खालच्या कार्डांना कोणी टीसीपी आयपी परत दिलं नाही. जू मोडलं, पण बैलांच्या गळ्यातली जोती कोणी सोडली नाही, तसं हे. म्हणून दिवा लागते आणि आयपी येत नाही.

करायचं काय? त्याच एनसीपीएच्या खिडकीत कार्डावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज. यादी दिसते. "इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन 4" समोरची टिक पाहा. नसेल तर लावा. "क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स" आणि "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग" याही टिका लावा, नाहीतर नेट येईल पण शेअर केलेला फोल्डर येणार नाही. मल्टिप्लेक्सर किंवा इंटेलवाली टिक काढा. ओके. दुसऱ्या कार्डावर तेच. काहींची खिडकी इथं हट्ट करते, ओके दाबलं की टिक परत उडते. तसं झालं तर पुढे उपाय आहे.

हीच गोष्ट आता दुसऱ्या बाजूनं पाहा, कारण "टिक आहे की नाही ते कळत नाही" म्हणणारे बरेच आहेत. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाका आणि कार्डासमोर काय येते ते वाचा. "मीडिया डिसकनेक्टेड" आलं तर केबलचा विषय, तेव्हा खुशाल केबल बदला. 169.254 नं सुरू होणारा आयपी आला तर टिक जागेवर आहे, पण राउटरकडून आयपी मिळत नाही. आणि कार्डाचं नावच यादीत आलं नाही, जणू कार्ड मशीनमध्ये नाहीच, तर टिक उडाली आहे. हे तिसरं लक्षण नव्वद टक्के लोक वाचतच नाहीत. यादीत कार्ड नाही म्हणून "कार्ड जळलं" म्हणतात आणि आमच्याकडे वीज पडून कार्डं जळतातही, म्हणून शंका पटते. जळालेलं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्येही सहसा दिसत नाही. तिथं दिसून राहिलं, दिवा लागून राहिला, फक्त आयपीकॉन्फिगमध्ये नाही, तर कार्ड ठणठणीत आहे.

तिसरी बाजू, पॉवरशेलवाल्यांसाठी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. गेट-नेटॲडॅप्टरबाइंडिंग टाकलं की प्रत्येक कार्डावर कोणता प्रोटोकॉल चालू, कोणता बंद, सगळं ट्रू आणि फॉल्समध्ये येते. एमएस-टीसीपीआयपीसमोर फॉल्स असेल तर इनेबल-नेटॲडॅप्टरबाइंडिंग, कार्डाचं नाव, आणि कंपोनंट आयडीत एमएस अंडरस्कोर टीसीपीआयपी. मल्टिप्लेक्सरचा आयडी एमएस अंडरस्कोर आयएमप्लॅट, तो डिसेबल करा. खिडकीत टिक टिकत नसेल तर आधी हे करून पाहा. यानंही नाही ऐकलं तर डिव्हाइस मॅनेजरमधून कार्ड अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट. कार्ड नव्यानं ओळखलं जाते आणि टिका मुळासारख्या लागून येतात.

"नेटवर्क रीसेट दाबलं तर चालते का?" चालते. पण ते सगळंच धुऊन काढते: व्हीपीएन, हायपर-व्हीचे स्विच, हातानं टाकलेले आयपी. बँकेला व्हीपीएननं जोडलेली पतसंस्था असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आणि व्हीपीएनवाला फोनवर. शेवटचा उपाय म्हणून ठेवा.

टिक लावली, आता आयपी टाकायला गेलात आणि विंडोज म्हणते, हा आयपी दुसऱ्या अडॅप्टरला आधीच दिलेला आहे. दुसरा अडॅप्टर तर दिसत नाही! तो मेलेल्या टीमचा उरलेला सांगाडा. डिव्हाइस मॅनेजर, वर व्ह्यू, "शो हिडन डिव्हायसेस". नेटवर्क अडॅप्टर्सखाली फिकट रंगात "मल्टिप्लेक्सर" किंवा "टीम" नावाचं काही दिसेल. तेवढंच अनइन्स्टॉल करा. "वान मिनीपोर्ट" नावाच्या ओळी दिसतात, त्यांना हात लावू नका, त्या विंडोजच्या आहेत.

आयपी आला, पिंग जाते, तरी शेअर केलेला प्रिंटर दिसत नाही? नवीन जोडणी म्हणून विंडोजनं तिला "पब्लिक" धरलं, फायरवॉल आडवी आली. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉपर्टीज, "प्रायव्हेट" करा.

आणखी एक, जिनिंगच्या काट्यावर हे होतेच. टीमचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा नंबर, सहसा एका कार्डाचा उचललेला असते. टीम गेली, आता काम दुसऱ्या कार्डावर चालू झालं, मॅक बदलला. राउटरमध्ये मॅकवर आयपी बांधलेला असेल तर आयपी वेगळा येते, आणि लायसन्स मॅकवर बांधलेलं असेल तर सॉफ्टवेअर म्हणते लायसन्सच नाही. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि तुम्ही सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या देऊन राहिले. आधी केबल दुसऱ्या कार्डात लावून पाहा. फुकटचा उपाय आहे.

आता स्विचकडे येऊ, कारण स्विच कधीकधी खरंच दोषी असते, पण बिघडून नाही. मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणाऱ्या, स्विचवर दोन पोर्ट एकत्र बांधलेले असतील आणि तो गट स्थिर प्रकारचा असेल, तर स्विचला माहीतच नाही की इकडे टीम उरली नाही. तो अर्धा माल एका केबलनं पाठवते, अर्धा दुसरीनं. लक्षण मोठं विचित्र: ऑफिसातले तीन कॉम्प्युटर सर्व्हरला लागतात, दोन लागत नाहीत, आणि त्या दोघांच्यात काहीच बिघाड सापडत नाही. एक केबल काढून टाका. लगेच सगळे लागले तर कारण सापडलं, स्विचमधला गट मोडा. आणि बाजारातला हजार-दीड हजाराचा साधा स्विच असेल तर त्यावर एलएसीपी, म्हणजे स्विच आणि कॉम्प्युटरनं आपसात बोलून पोर्ट बांधणं, होतच नाही. टीम "स्विच इंडिपेंडंट"च, म्हणजे स्विचवर काही सेटिंग न लागणारी, ठेवायची. हे किती वेळा सांगायचं!

सर्व्हर 2022 किंवा 2025 वाले. साधी एलबीएफओ टीम तिथं अजून चालते. पण तिच्यावर हायपर-व्हीचा स्विच बसवायला गेलात तर विंडोज अडवते. अलाउनेटएलबीएफओटीम्स नावाचा पर्याय ट्रू करून जबरदस्तीनं बसवता येते, पण माझं मत, नका करू. एसईटी करा. त्यात आठपर्यंत कार्डं घेता येतात, पण सगळी एकसारखी हवी: मेक, मॉडेल, ड्रायव्हर. बोर्डावरचं रियलटेक आणि वरून लावलेलं इंटेल अशी खिचडी चालत नाही. आणि एसईटी फक्त स्विच इंडिपेंडंट चालते, स्विचवर एलएसीपी असेल तर काढा.

ज्यांनी अपग्रेड अजून केलं नाही, त्यांनी टीम आधी तोडा. मायक्रोसॉफ्टसुद्धा सर्व्हरच्या अपग्रेडआधी टीमिंग बंद करायला सांगते. तोडण्याआधी आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलचा मोबाइलवर फोटो काढा, कारण टीमसोबत तिचा आयपी, गेटवे, डीएनएस सगळं जाते. टीमचा मोड, व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) नंबर, कोणत्या कार्डाची केबल स्विचच्या कोणत्या पोर्टात, हेही लिहा. कार्डाचा नवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच घ्या. विसरलात तर फोनची केबल लावून यूएसबी टेदरिंगवर काम भागते. आणि हे मशीनसमोर बसून करा. यवतमाळात बसून पांढरकवड्याच्या सर्व्हरची टीम रिमोटवरून तोडली की स्क्रीन जागीच थिजते, मग गाडी काढा. लाइटचा भरवसा नसेल तर इन्व्हर्टर भरलेला असू द्या.

विंडोज 11 वर टीमिंगच्या ऐवजी काय? काट्याच्या कॉम्प्युटरला दोन्ही कार्डं वेगळी ठेवा. आयपीव्ही4 च्या ॲडव्हान्स्डमध्ये "ऑटोमॅटिक मेट्रिक"ची टिक काढून पहिल्याला 10, दुसऱ्याला 50 द्या; कमी आकड्याचं कार्ड आधी वापरलं जाते. पहिली केबल तुटली की विंडोज स्वतः दुसरीवर जाते. आयपी बदलते हे ध्यानात ठेवा, म्हणून सर्व्हरला हा उपाय लावू नका. वेगासाठी टीम हवी म्हणणाऱ्यांनो, दोन एक-गिगाबिट कार्डांची टीम केली तरी एक फाइल कॉपी करताना साधारण एकाच कार्डाचा वेग मिळते. त्यातही एक कार्ड 100 मेगाबिटवर अडकलं असेल तर केबलची एखादी जोडी तुटली आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. क्लिप नव्यानं मारा.

लिनक्सवाले मागं लागले आहेत, त्यांना दोन गोष्टी. अपग्रेडनंतर कार्डाचं नाव बदलते, कॉन्फिगमध्ये जुनं नाव राहते, बाँड (लिनक्समधली टीम) रिकामा उठते. प्रॉक, नेट, बाँडिंगमधली फाइल उघडून स्लेव्ह, म्हणजे बाँडमधली कार्डं, किती दिसतात ते पाहा. आणि एमआयआयमॉन (किती मिलिसेकंदांनी केबल तपासायची तो आकडा) शून्य असेल तर केबल तुटलेली बाँडला कळतच नाही. 100 ठेवा. रेड हॅट लिनक्स 9 मध्ये टीमडी (टीम करायचं दुसरं सॉफ्टवेअर) जुनं ठरवलं, 10 मध्ये काढून टाकलं. तिथं टीम सोडून बाँडच करा.

आता विचारताना नुसतं "नेट नाही भाऊ" लिहू नका. आधी कोणती विंडोज होती आणि आता कोणती, कार्डाचं मॉडेल, आयपीकॉन्फिग स्लॅश ऑलचा फोटो, आणि एक केबल काढल्यावर काय झालं. फोटोत लायसन्सचा नंबर किंवा पासवर्ड दिसत असेल तर झाकून टाका.